सल्ला सदर: शेतावरची 'दवाई', घरातला मुलगा आणि खोटं बोललेले सासरे

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडं कापून देतेय, नावगाव काढलंय.

"मावशी, नमस्कार. सांवेरकडे आमची एकवीस बीघा जमीन आहे, सासरे (वय ७१) एक दिवसाआड जातात. मागच्या श्रावणात, राखीच्या आधीच्या रविवारी, मुलगा त्यांच्याबरोबर गेला, तेव्हा पाच वर्षांचा होता. चारच्या सुमाराला परत आले तर तोंडातून लाळ, अंगभर घाम, दोन उलट्या, पोटात कळा आणि पाय लटपटत होते. आम्हाला वाटलं बाहेरची कचोरी बाधली, लिंबू-मीठ पाणी पाजलं. संध्याकाळी झोपेतून उठेना तेव्हा दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारला आणि विचारलं, शेतात गेला होता का, कुठली दवाई (कीटकनाशक) मारली? बाबा पटकन म्हणाले, नाही हो, घरीच होता. तरी डॉक्टरांनी काय ते ओळखून इंजेक्शनं दिली, दोन दिवस ठेवून घेतलं, बरा झाला. महिन्याभराने मुलगाच खेळता खेळता बोलला, 'मी आबांच्या दवाईत डंडा फिरवला होता'. मी हे आजपर्यंत बाबांना बोलून दाखवलं नाही. आता तो पहिलीत जातोय आणि केजीच्या टीचर म्हणाल्या एका जागी बसत नाही, लक्ष लागत नाही. हे त्याच्यामुळेच का? आमचे हे म्हणतात झालं गेलं सोडून दे. हाली (शेतावरचा सालगडी) बडवानीकडचा आहे, शेतावरच्या खोलीतच राहतात, बायकोला सहावा महिना, दोन मुलं, मोठा सात वर्षांचा, तोच बापाला फवारणीचा पंप भरून देतो. दवाईचे डबेही त्याच खोलीत. पेरणी पंधरा दिवसांवर आलीय. मी मुलाला आता पाठवणारच नाही हे ठरवलंय, पण बाबांना काय सांगू आणि कसं?"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगू का, सासऱ्यांचा राग नंतर आला, आधी त्या डॉक्टरांना हात जोडावेसे वाटले. समोर घरातलं वडीलधारं माणूस "घरीच होता" म्हणतंय आणि तरी त्यांनी टॉर्च मारून बाहुल्या बघितल्या. माझी बत्तीस वर्षं नर्सिंगमध्ये गेली, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये असं मूल आलं की आम्ही पोटाला हात लावायच्या आधी डोळे बघायचो. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, लाळ, घाम, उलट्या, स्नायू थरथरतायत, हे सगळं एकदम दिसलं की कचोरीचा विषयच संपतो. ही ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांची खूण आहे (कार्बामेट जातीचीही तशीच). आपल्या नसा निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाने, आणि निरोप पोचला की एक एन्झाईम ते रसायन लगेच मोडून टाकतं, ही दवाई त्या एन्झाईमलाच बांधून ठेवते, मग निरोप बंदच होत नाही, नळ उघडा राहिल्यासारखं तोंडातून, डोळ्यांतून, आतड्यांतून पाणी सुटत राहतं आणि छातीतही साचायला लागतं, माणूस जातो तो बहुतेक वेळा श्वासाने. किडा मरतो तोही ह्याच रस्त्याने. तुझ्या मुलाला दिलेलं इंजेक्शन बहुतेक अ‍ॅट्रोपिन असणार, डिस्चार्जचा कागद काढून बघ, लिहिलेलं असेल.

त्यामुळे पहिलं काम सासऱ्यांशी बोलायचं नाहीये. पहिलं काम, मुलाच्या डॉक्टरांकडे जाऊन खरं काय झालं ते सांगायचं. दहा महिने झाले म्हणून काय झालं, त्याच्या फाईलमध्ये ते यायला हवं, तारीख, किती वेळ शेतावर होता, हात कशात घातले होते, आणि जमलं तर डब्याचा फोटो, म्हणजे लेबलवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव, वरचं मोठं ब्रँडनेम नाही कारण एकाच दवाईची पन्नास नावं असतात. कोणीतरी तुला सांगेल की कोलिनएस्टरेजची, म्हणजे त्याच एन्झाईमची, रक्ततपासणी करून घे, अगं ती त्या वेळी करायची असते, काही आठवड्यांत-महिन्यांत पातळी आपोआप भरून येते, आज केली तर नॉर्मलच येईल आणि घरात "बघ, काही नव्हतंच" म्हणायला एक कागद मिळेल. पैसे वाचव.

आता टीचरच्या तक्रारीचं. मला माहितीये तू रात्री मोबाईलवर काय काय वाचत असशील. त्यातलं थोडं खरं आहे, म्हणून नीट सांगते. कॅलिफोर्नियात सालिनास म्हणून खोरं आहे, मैलोन् मैल भाजीपाल्याची शेती, तिथल्या शेतमजूर बायकांना गरोदरपणापासून घेऊन बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि त्यांच्या लोकांनी १९९९ पासून अभ्यास सुरू केला, नाव चामाकोस, मेक्सिकोकडच्या बोलीत चामाको म्हणजे पोरगं. गरोदरपणी बायकांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेटचे अंश किती आहेत ते मोजलं आणि पुढे मुलं सात वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला. २०११ मध्ये निकाल छापून आला, ज्या आयांच्या लघवीत अंश सगळ्यात जास्त होते त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सगळ्यात कमी असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी खाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये शहरातल्या मुलांवर, म्हणजे जिथे घरात झुरळांसाठी क्लोरपायरिफॉस (तेही ऑर्गॅनोफॉस्फेटच) मारलं जायचं, तशाच वळणाचे निष्कर्ष आले.

पण ह्यातली एक गोष्ट बातमीवाले सोडून देतात. सालिनासमध्ये मुलांची स्वतःची लघवीही तपासली होती, आणि मुलांच्या लघवीतल्या अंशांशी बुद्ध्यांकाचा तसा पक्का संबंध लागला नाही. लागला तो आईच्या पोटात असतानाचा. एका रविवारच्या विषबाधेवर हा अभ्यास नव्हताच, आणि तुझ्या मुलाला वेळेवर उपचार मिळाले, बहुतेक मुलं ह्यातून नीट बरी होतात. पहिलीच्या उंबरठ्यावरचा मुलगा एका जागी बसत नाही ह्याची दहा कारणं असतात, कान, डोळे, रक्तातलं लोह, झोप, मोबाईल, किंवा तो फक्त सहा वर्षांचा मुलगा आहे एवढंच. कान-डोळे-हिमोग्लोबिन तपासून घे, तीन-चार महिने शाळेत बघ, तरी टीचर तेच म्हणाल्या तर मुलांच्या वाढीचा अभ्यास असलेल्या डॉक्टरांना दाखव. "त्याच्यामुळेच का" ह्याचं हो-नाही उत्तर तुला कोणीच प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही, आणि जो देईल त्याच्याकडून औषध घेऊ नकोस.

आणि आता मला तुझ्या पत्रातली ती एक ओळ काढायचीये जी तू जाता जाता लिहिलीस. बायकोला सहावा महिना.

वर काय सांगितलं मी? पोटात असतानाचा काळ. तुझा मुलगा रविवारी जातो, संध्याकाळी परत सुदामा नगरला येतो, आणि तू ठरवलंयस की तेही बंद. छान. ती बाई मात्र त्या डब्यांच्या खोलीत झोपते, आणि नवऱ्याचे फवारणीचे कपडे कोण धूत असेल सांग बघू? हातमोजे न घालता, ट्यूबवेलच्या हौदावर, आणि त्याच पाण्यात नंतर पोरं अंघोळ करतात. पंप खांद्यावर घेणाऱ्या माणसाला काय लागतं ते सगळ्यांना दिसतं, कपडे धुणारीला काय लागतं ते तिलाही कळत नाही, कारण वास थोडा येतो आणि कधी कधी डोकं दुखतं, आणि डोकं तर सहाव्या महिन्यात दुखतंच.

पोरांचं गणितच वेगळं असतं. वजनाच्या मानाने ती मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट हवा ओढतात, वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त, म्हणजे तेवढाच थेंब अंगावर पडला तरी आत जास्त जातो, जमिनीवर लोळतात, हात तोंडात, आणि ही विषं मोडणारं जे एन्झाईम शरीरात असतं ते लहान मुलांत कमी असतं. सात वर्षांचा मुलगा डबा ओततो तेव्हा डब्याचं तोंड त्याच्या नाकापासून किती लांब असतं? पंपातली पातळ केलेली दवाई एक, आणि डब्यातली मूळ दवाई दुसरी, आणि आपण नेमकं ओतायचं-ढवळायचं काम "हलकं काम" म्हणून पोराला देतो. सगळ्यात जहाल भाग तोच असतो गं.

मेक्सिकोतला आणखी एक अभ्यास मला कायम आठवतो, एलिझाबेथ गिलेट नावाच्या बाईंचा, १९९८ चा. याकी खोऱ्यात वर्षानुवर्षं फवारणी होते, शेजारच्या डोंगरपायथ्याच्या गावांमध्ये फारशी नाही, माणसं एकाच वंशाची, खाणंपिणं जवळपास सारखं. दोन्हीकडच्या चार-पाच वर्षांच्या पोरांना सांगितलं, माणूस काढून दाखवा. पायथ्याच्या पोरांनी डोकं-हात-पाय असलेला माणूस काढला. खोऱ्यातल्या बऱ्याच पोरांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या होत्या. छोटा अभ्यास होता, त्यावर शंका काढणारेही आहेत आणि काढाव्यातच, पण ती चित्रं शेजारी शेजारी ठेवलेली एकदा बघितली की डोक्यातून जात नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये अधिकृतपणे सांगितलं की लहानपणी कीटकनाशकांशी संपर्क आणि काही बालकर्करोग, बुद्धीची वाढ, वागणुकीचे प्रश्न ह्यांचा संबंध दिसतो. म्हणजे ही कुणा एका बाईची भीती नाहीये.

तेव्हा मुलाला पाठवायचं बंद केलंस ते बरोबरच, पण माझ्या मते तो तुझ्या प्रश्नाचा सगळ्यात सोपा तुकडा होता आणि तो तू आधीच सोडवलास. शेत तुमचं आहे. खोली तुमची आहे. डबे तुमच्या पैशाने येतात.

सासऱ्यांकडे येऊ. ते खोटं का बोलले? मला वाटतं भीतीने. डॉक्टरांच्या, पोलिसांच्या, आणि सगळ्यात जास्त तुझ्या भीतीने, "माझ्या नातवाला मी हे केलं" हे तोंडातून निघालंच नाही. माझ्या वडिलांची देपालपूरकडे थोडी जमीन होती, ते ज्वारीच्या कोठीत गॅमेक्सिनची पावडर हाताने भुरभुरायचे आणि मी शेजारी डबडं धरून उभी, वय सात-आठ. ती पावडर नंतर देशात बंद झाली, १९९७ मध्ये. मी नर्स झाल्यावर त्यांना एकदा बोलले की बाबा तुम्ही मला काय धरायला लावायचात, तर माणूस दोन दिवस जेवला नाही. म्हणून तुला सांगते, "तुम्ही खोटं बोललात" ह्या वाक्याने सुरुवात करू नकोस. ते त्यांना माहितीये. दहा महिने माहितीये. ते वाक्य तू गिळावंस असं मी म्हणत नाही, फक्त पेरणीच्या तोंडावर नको, आधी खोली रिकामी होऊ दे.

सुरुवात कुठून करायची तर त्यांना जे आठवतं तिथून. ७१ वर्षांचा एमपीतला माणूस आहे, १९८४ चा डिसेंबर त्यांना आठवत असेलच. भोपाळच्या त्या कारखान्यात काय बनत होतं हे विचार, बऱ्याच जणांना नुसतं "गॅस" एवढंच माहीत असतं. तिथे कार्बारिल बनायचं, शेतात मारायचं कीटकनाशक, आणि त्या रात्री सुटला तो त्याच्यासाठी लागणारा कच्चा माल. मग यवतमाळ, २०१७, कापसावर फवारणी करणारी शेकडो माणसं दवाखान्यात, वीसवर गेली, ती आपल्याच हालीसारखी माणसं होती, पंप पाठीवर, तोंडाला गमछा. आणि मग सरळ व्यवहाराचं बोल, कारण जमिनीवाल्या माणसाला व्यवहार कळतो: उद्या हालीचं पोरगं पडलं तर? २०१६ ला कायदा बदलल्यापासून चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं पोलीस केसचं प्रकरण आहे, आणि "आईबापाला मदत करतो" ही सवलत धोक्याच्या कामाला लागू नाही. हे धमकी म्हणून सांगू नकोस, बातमी म्हणून सांग, शक्यतो नवऱ्याच्या तोंडून. "झालं गेलं सोडून दे" म्हणणाऱ्या माणसाला एवढं काम द्यायला हरकत नाही.

मग एक दिवस त्यांच्याबरोबर शेतावर जा, पेरणीच्या आधीच. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. रबराचे किंवा नायट्राइलचे लांब हातमोजे (कापडी नको, ते दवाई पिऊन बसतात), चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट-पँट फक्त फवारणीसाठी, एक वेगळी बादली, साबण, आणि कुलूप असलेली लोखंडी पेटी, इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत एका रात्री चौघांचं जेवढं खाणं होतं त्यापेक्षा फार जास्त नाही लागणार, पेटी सोडून. पेटी राहत्या खोलीत नाही ठेवायची, मोटरच्या खोलीत किंवा बाहेर पत्र्याखाली, उंचावर, आणि किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला का असेना पण एकाकडेच. डबे बाहेर काढलेस की खोली पुसून घ्यायला सांग, पण पुसणारी सहाव्या महिन्यातली बाई नको.

हालीशी बोलताना त्याच्या बायकोला समोर बसव. मोडक्या-तोडक्या निमाडीत बोल, हिंदीत बोल, पण तिला सांग की हे कपडे तू धुवायचे नाहीत, ज्याने मारली त्यानेच धुवायचे, वेगळ्या बादलीत, साबणाने दोन पाण्यांनी, घरच्या कपड्यांत न मिसळता, हौदावर नाही. आणि त्याने पंप उतरवला की आधी अंघोळ, मग पोराला उचलायचं, बिडी आणि रोटी त्याच्यानंतर. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड जाईल. फवारणी चालू असताना आणि नंतर निदान दोन दिवस पोरं आणि ती त्या वावरात नकोत, लेबलवर जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे दिवस. वारं खोलीकडे वाहत असेल तर त्या दिवशी दवाई मारायचीच नाही, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, वारं पाठीशी घेऊन.

पेरणीचंही तेच, कारण ते तर पंधरा दिवसांवर आहे. सोयाबीनच्या बियाण्याला लावतात ते लाल-गुलाबी पावडरही बुरशीनाशक-कीटकनाशकच असतं, पण पंप नाही आणि वास नाही म्हणून बायका-पोरं हातानेच चोळतात. ड्रममध्ये फिरवायचं किंवा हातमोजे घालून, आणि उरलेलं बियाणं कोंबड्यांना किंवा घट्टीला (दळायला) अजिबात नाही.

लेबलवरचा त्रिकोण मात्र सासऱ्यांना नक्की दाखव, चष्मा लावून. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. दुकानदार उधारीवर जे देतो ते आपण आणतो, आणि तो देतो ते त्याला सोयीचं असतं. आपल्या इंदूरलाच खंडवा रोडवर देशाची सोयाबीन संशोधन संस्था आहे, पार १९८७ पासून, आणि आपले लोक विचारायला जातात कोपऱ्यावरच्या दुकानात, ह्याला काय म्हणावं. हंगामात ते लोक सल्ले काढतात, कुठली इल्ली (अळी) किती दिसली तर मारायची, चक्रभुंग्याला काय, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट कागद, पक्ष्यांना बसायला टी आकाराच्या खुंट्या. इल्ली खाणारा पक्षी फुकट काम करतो. सासऱ्यांना एवढंच पटलं की चार फवारण्यांपैकी दोन नुसत्या भीतीपोटी होतात, तरी दोन फवारण्यांचा खर्च वाचला आणि त्या खोलीवरचा माराही अर्धा झाला. घ्यावीच लागली तर क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलसारखी हिरव्या त्रिकोणातली बघा, महाग वाटते, पण हिरवा त्रिकोण म्हणजे सरबत नव्हे, हातमोजे तेव्हाही घालायचे.

रिकाम्या बाटल्या. ह्यावर मी थोडी जास्त बोलते, घरचे वैतागतात. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमध्ये छपऱ्याजवळ शाळेत जेवून २३ मुलं गेली, मध्यान्ह भोजन होतं, तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. आपण किती घरांत बघतो, दवाईचा चांगला जाड पाच लिटरचा कॅन धुऊन त्यात घासलेट, पाणी, तेल, बाळासाठी गाईचं दूध आणायला सुद्धा. कितीही धुतलं तरी नाही जात. रिकामी झाली की तीनदा पाण्याने खळबळायची, ते पाणी पंपातच ओतायचं, मग खिळा मारून भोक पाडायचं म्हणजे कुणाला परत वापरावीशीच वाटणार नाही, आणि जाळायची नाही, त्या धुरात पोरं उभी असतात. आम्ही इंदूरकर २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून छाती फुगवतो, घरी सहा प्रकारचा कचरा वेगळा करतो, आणि पाच मैलांवर सांवेर रोडला लागलं की नाल्यात त्या पांढऱ्या बाटल्या तरंगत असतात.

तरीही कधी काही झालंच, तुझ्या घरी किंवा शेतावर, तर त्या दिवशीसारखं लिंबू-मीठ पाणी नको, दूध नको, तूप नको, बोटं घालून उलटी नको. अर्धवट शुद्धीतल्या मुलाच्या तोंडात काही घातलं की ते छातीत जातं. कपडे ताबडतोब काढायचे, साबण-पाण्याने पंधरा-वीस मिनिटं अंग धुवायचं, केस आणि नखंसुद्धा, धुणाऱ्याने हातमोजे घालायचे, डोळ्यात गेलं असेल तर साध्या पाण्याची धार. गुंगी असेल तर कुशीवर निजवून १०८ ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीने एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा मोठा दवाखाना, झोलाछाप (बोगस) डॉक्टरकडे सलाईन लावत बसायचं नाही. आणि डबा बरोबर न्यायचा, लेबलसकट. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, चोवीस तास, टोल फ्री १८०० ११६ ११७, हा नंबर हालीच्या मोबाईलमध्ये तूच सेव्ह करून दे, आणि खोलीच्या दारामागे खडूने लिहून ठेव कारण मोबाईल नेमका त्या वेळी डिस्चार्ज असतो.

ती बाई सरकारी दवाखान्यात तपासणीला जाते का हेही विचार. जात असेल तर एकदा तू बरोबर जा आणि तिथल्या डॉक्टरांना सांग की ही दवाईच्या खोलीत राहते, कपडे धुते. ती स्वतः नाही सांगणार, तिला ते सांगण्यासारखं काही वाटतच नसेल.

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस. वर्षाचे गहू नुकतेच आले असतील घरी, शेतावरचेच. कोठी कुठे ठेवलीय? त्यात सल्फासच्या गोळ्या टाकल्यात का? अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड ते, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन गॅस निघतो, त्याच्यावर उतारा नाही, आणि तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, पावसाळ्यात तर आणखीच. त्या गोळ्या घरगुती माणसाला विकायच्याच नसतात, तरी दुकानात मिळतात. कोठी मुलाच्या झोपायच्या खोलीत असेल तर त्याला आज रात्री दुसरीकडे निजव, दारं-खिडक्या उघडी टाक, आणि हाताने गोळ्या शोधत कोठीत वाकू नकोस, गॅस त्यातच कोंडलेला असतो, माहीतगार माणसाला बोलाव. ह्यापुढे एरंडेल चोळून, वाळलेला कडुलिंब घालून ठेवत जा, आपल्या सासवा ठेवायच्या तसे. थोडे किडे होतील, चाळून घ्यायचे.

सासऱ्यांना शेतावर घेऊन जाशील तेव्हा मुलालाही घेऊन जा असं कोणी सुचवलं, म्हणजे "त्याला बघून त्यांना वाटेल", तर ऐकू नकोस. तो घरी राहू दे. पेटीचं कुलूप त्यांना स्वतःला लावू दे, आणि कधी तरी, पोळ्याला म्हण किंवा राखीला, ते आपणहून त्या रविवारचं काढतील, तेव्हा फक्त ऐकून घे. काय झालं ते कळव. बाळंतपणाचंही.